ओपन स्पेसवर गट्टू बसवण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : ओपन स्पेसवर गट्टू न बसवण्याबाबत व तेथील निंब न तोडण्याबाबत.

महोदय,

ओपन स्पेसवर गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवून गाड्यांसाठी जागा करावी आणि त्यासाठी कडेचे तीन निंब काढावेत, असा ठराव मागील सभेत मांडला गेला. त्या दिवशी मी गप्प राहिलो, कारण आधी खातरजमा करायची होती. नवतप्यातील, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतील, एका रात्री साडेदहाला घराच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकला, तर ती भाकरी झाल्यानंतरच्या चुलीच्या कडेसारखी ऊन लागली. तसाच लेआऊट ओलांडून नाल्यापलीकडच्या शेतात गेलो. तिथली काळी माती अनवाणी पायांना निववणारी होती.

दुपारी हा फरक जाणवत नाही, तेव्हा उघडे शेतही तितकेच भाजते. वस्तीचा उष्मा खरा कळतो तो रात्री. इंग्रज हवामान अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनबाबत १८१८ पासून प्रसिद्ध केलेल्या नोंदींत हेच आढळते, आणि भूगोल शिकवताना मी ते मोठ्या शहरांपुरते म्हणून सांगत आलो, ही माझी चूक. भेगाळलेल्या कोरड्या मातीत हवा असते, त्यामुळे उष्णता खोल उतरत नाही आणि दिवस मावळताच माती निवू लागते. याउलट सिमेंट, विटा आणि गट्टू दिवसभराची उष्णता पोटात साठवून रात्री परत करतात. त्यातही आपल्या दोन घरांमधले बोळ इतके अरुंद आहेत, की एका भिंतीची धग आकाशाकडे जाण्याऐवजी समोरच्या भिंतीवर जाते. चार घरांतील एसी तर खोलीतली उष्णता आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता त्याच बोळात ओततात. त्यातला एक माझा आहे.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. आपले कूलर याच हिशेबावर चालतात, आणि निंबही मुळांनी ओढलेले पाणी पानांतून सोडून तेच करतो. त्याचे बिल मात्र येत नाही.

हा उष्मा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. वरच्या मजल्यावरील भाडेकरूंच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे, चौकीदाराची खोली टिनाची आहे, आणि यांपैकी कोणालाही सभेत मत नाही. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. आपल्याकडेही मुले पुण्याला आणि घरात एकटी आई, अशी तीन घरे आहेत. त्या तिघी संध्याकाळी निंबाखालच्या ओट्यावर बसतात. एखादी आली नाही, तर उरलेल्या दोघी तिचे दार वाजवतात.

सबब ठराव मागे घ्यावा, ही विनंती. पूर्वेच्या रस्त्याकडेची मुरमाची पट्टी मी टेपने मोजली असून तिच्यावर अकरा चारचाकी उभ्या राहतात. चौकीदाराच्या टिनावर पुढील होळीच्या आत चुना मारून द्यावा. त्याचा खर्च मी देईन.

आपला,
एक सभासद