बाबा, तुमचा शब्द मोडलेला नाही

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुम्ही फोन आईकडे देता. म्हणून लिहिते आहे. टेम्पोच्या अपघातात माझा पाय मोडला, त्याच्या भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माझा अर्ज दाखल झाला. निर्णय माझा आहे, सहीही माझी. संदेशला किंवा दादाला बोल लावू नका.

टेम्पो चालवणाऱ्या त्या मुलाची आई अंगणात येऊन रडली आणि ‘आमच्यामुळे तुझ्या घराला झळ लागणार नाही’ असा शब्द तुम्ही तिला दिलात, हे आईने सांगितलं. तुम्ही दुसरं काही बोलूच शकला नसता. आबांच्या काजूच्या बागेच्या दाव्यापायी काय काय झालं तेही मी विसरलेले नाही. दावा म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येणारच. पण हा दावा त्या जातीचा नाही, एवढं शांतपणे वाचा.

रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी, की ज्याला लागलं त्याची भरपाई व्हावी आणि ज्याच्या हातून घडलं त्याचं घर विकलं जाऊ नये. त्याच्या टेम्पोची पॉलिसी त्या दिवशी चालू होती, लायसन्सही वैध आहे. वकिलांनी दोन्ही कागद बघितले, मगच मी सही केली. जी भरपाई ठरेल ती विमा कंपनीने भरायची. तो आणि टेम्पोचा मालक प्रतिवादी आहेत, त्यामुळे नोटीस त्याच्या घरी जाईल हे खरं. ती अचानक दारात येऊ नये म्हणून संदेश आधीच त्यांच्याकडे जाऊन, बसून सगळं सांगून आला. पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा वेगळा. मी गप्प बसले असते तरी तो चाललाच असता.

जरा थांब, असं तुम्ही म्हणाला असता. पण अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायद्यात आता आहे. चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळण्याची सोयही आहे, कलम 164 खाली. ते स्वीकारले की कलम 166 चा, म्हणजे मी घातलेला हा दावा संपतो. मला अजून रॉड काढायचं ऑपरेशन व्हायचंय, पाय पुढे कसा वळेल ते डॉक्टरही आज सांगत नाहीत. एवढ्यावर हिशेब मिटवायला माझं मन घेईना.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात उपचारांचा खर्च फारसा आला नाही, तेही मान्य. पण दुकान बंद पडलं त्याचं काय? गणेश चवथीचे ब्लाउज मापाच्या चिठ्ठीसकट परत पाठवावे लागले. मशीनचं पायडल उजव्या पायाचं, आणि तोच पाय धारगळला मोडला. मला पगाराची स्लिप नाही, पण माझी ऑर्डरची वही आणि बँकेच्या नोंदी वकिलांनी पुरावा म्हणून घेतल्यात. त्या वहीवर आईच्या हातची हळदीची बोटं आहेत, ती पानं देताना जीव खालीवर झाला.

माझी काळजी करू नका. पलंग खालच्या खोलीत आणलाय, मोरीत धरायला दांडा बसवलाय. जाऊबाई सकाळी उकड्या तांदळाची पेज देतात, सोबत आई, तुझं कैरीचं मिस्कुट लोणचं. कुबड्या घेऊन मी आता दारापर्यंत जाते. रात्री पाय ठणकला की देवळातल्या दहिकाल्याच्या नाटकाहून येतानाचं आठवतं. त्यातला शंकासुर येऊन जायच्या आधीच मी झोपायचे आणि बाबा मला खांद्यावर टाकून अंधारातून घरी आणायचे. तो खांदा आता दुखतो म्हणे. दाखवला का कुणाला?

आता ऐका. कदंब बसमध्ये उभं राहून मला बघायला येऊ नका, रविवारी दादा गाडीने आणेल. आईने रक्तदाबाची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून टाळायची नाही. मुलाची आई परत आली तर तिला आत बसवा, चहा द्या, हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. वकिलांची फी किती, हे मात्र विचारू नका, ते माझं मी बघते.

आणि बाबा, तुमच्या स्कूटरचा विमा संपलाय. दादाने कागद बघितले. कुणाला धक्का लागला आणि विमा नसला, तर भरपाई थेट तुमच्या खिशातून जाईल. कागद दादाकडे द्या, आणि नवी पॉलिसी हातात येईपर्यंत मांद्र्याच्या बाजाराला स्कूटर काढायची नाही. चावी आईकडे राहील.

तुमची,
बाय