गिटार क्लासवाल्यांना एक विनंती

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

एप्रिल आला की तुमच्या पेपरातून छंदवर्गांची पत्रकं पडायला लागतात आणि त्यात गिटार हमखास असते, म्हणून हे पत्र. सात वर्षांपूर्वी मुलीबरोबर मीही हौसेने असाच एक क्लास लावला होता. महिनाभर नुसती एक-दोन-तीन-चार बोटं तारांवर चालवायची, आणि दुसऱ्या महिन्यात डायरेक्ट असं गाणं की ज्यात एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे दोन-चार सूर), म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या. सूर कसला, नुसतं थडथड. दोघांनीही सोडलं, गिटार कपाटावर गेली.

गेल्या दिवाळीत भाचा आला, त्याने धूळ पुसली, नव्या तारा टाकल्या आणि म्हणाला मामा, हॅपी बर्थडे येतं ना तुला, मग झालं की. जी, सी, डी, तीनच कॉर्ड. मी भजनात पेटी वाजवतो त्यामुळे पटकन डोक्यात शिरलं, जी ला सा धरला तर सी म्हणजे म आणि डी म्हणजे प, बास. मोजायचं दादऱ्यासारखं तीन-तीन. ‘हॅपी’वर हात मारायचाच नाही, ‘बर्थ’वर पहिला जी, ‘यू’वर डी, दुसऱ्या ओळीत डीवरून परत जी, आणि तिसरीत ज्याचा वाढदिवस त्याच्या नावावर सी. गंमत म्हणजे नाव सगळेच लांबवतात, तेवढ्यात बोटं आरामात जीवर येतात. शेवटच्या ओळीत मात्र जी-डी-जी पटापट येतं, तिथे मी अजून अडखळतो. आणि डीला वरच्या दोन जाड तारा वाजवायच्या नाहीत, हे तर हात विसरतोच.

ही चाल अमेरिकेतल्या हिल बहिणींची, १८९३ साली छापलेली, ती पण बालवाडीतल्या मुलांच्या गाण्यासाठी. मग आमच्यासारख्यांना का नाही जमणार?

तर क्लासवाल्यांनो, एफ राहू दे हो नंतर, पहिल्याच आठवड्यात पोरांच्या हातून एक अख्खं गाणं वाजू दे, बोटांची टोकं दुखायचीत ती दुखतीलच पण निदान कशासाठी दुखतायत ते तरी कळेल. आणि संपादकसाहेब, तुमच्या बालपुरवणीत कोड्याशेजारी आठवड्याला एका कॉर्डचं चित्र छापा ना, तीन आठवड्यांत काम होईल.

जानेवारीत आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी वाजवलं. बायकांनी भलत्याच वरच्या पट्टीत सुरू केलं आणि मी खालीच राहिलो. आता कापो, म्हणजे तारांवर लावून पट्टी वर नेणारा चिमटा, आणलाय, जूनमध्ये मुलीचा वाढदिवस आहे.

आपला,
एक शिकाऊ, डोंबिवली