अधीक्षिकाबाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

माझा भाऊ आपल्या संस्थेत राहायला आला त्याला वर्ष होत आले, तरी आपले आभार मानायला गेले की अजूनही कंठ दाटून येतो. म्हणून समोर बोलता आले नाही ते लिहून कळवते.

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. बोलायला वेळ लागतो, पण कळते सगळे. आधीच्या संस्थेत चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला 'आमचा मुलगा' म्हणत, आणि सर्वांचे कपडे एकत्र धुऊन ढिगातून हाताला येईल तो शर्ट त्याच्या अंगात चढवत. तक्रार केली की, "त्यांना काय कळतंय?" असे उत्तर मिळे, तेही त्याच्यादेखत.

आपण त्याचे सगळे शर्ट पलंगावर त्याच्यापुढे मांडलेत आणि दोऱ्याने नाव कुठे घालायचे, खिशावर की कॉलरच्या आत, हे त्यालाच विचारलेत. मी शेजारीच उभी होते, पण आपण माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. खुर्ची ओढून बसलात आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत थांबलात. "आत," तो म्हणाला. आपले नाव चारचौघांत मिरवायला त्याला आवडत नाही, हे मलाही तेव्हाच कळले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 13 नुसार दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आहे, आणि कलम 5 नुसार अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती त्यांच्यावर होऊ नये, यासाठी शासनाने प्रयत्न करायचा आहे. पण 'त्यांना काय कळतंय' ही वृत्ती कायद्याला सहज पुरून उरते. याच वृत्तीतून 1994 साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली होती. कुठे तो प्रकार आणि कुठे शर्टाची गोष्ट, असे कोणी म्हणेल. मला मात्र दोन्हींचे मूळ एकच दिसते. माणुसकीला अनुदान लागत नाही, हे आपल्याकडे पाहून पटते.

नाव घालून देणाऱ्या मावशींनाही माझे आभार कळवावेत. यंदा दिवाळीला घरी न येता मित्रांबरोबर तिथेच राहायचे, असे भावाने ठरवले आहे. थोडे वाईट वाटले, पण "आधी बहिणीला विचार" असे आपण त्याला म्हणाला नाहीत, त्याबद्दलही मनापासून आभार.

आपली,
एका रहिवाशाची बहीण