पश्तूनांचा शजरा म्हणजे जन्मदाखला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पश्तून, म्हणजे पठाण, टोळ्यांच्या मुळाविषयीचा लेख वाचला. लेखकाने त्यांना थेट बायबलातल्या, इस्रायलच्या हरवलेल्या दहा टोळ्यांपर्यंत नेऊन पोचवले आहे आणि वर 'आता यात शंका उरलेली नाही' असेही ठोकून दिले आहे. मी इतिहासाचा माणूस नाही, सर्व्हेअर आहे. पण २००६ ते २००८ अशी दोन वर्षे अफगाणिस्तानात झरंज-देलाराम रस्त्याच्या कामावर काढली, म्हणून हे चार शब्द.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर नूरझई या पश्तून टोळीचा होता. पहिल्याच आठवड्यात चहा पिता पिता त्याने बोटांवर मोजत आपले सात आजे-पणजे धडाधड सांगितले आणि मग माझ्याकडे पाहत बसला. मी तिसऱ्या नावावर अडकलो. त्यानंतर काही दिवस तो माझ्याशी जरा जपूनच बोलत असे, हा माणूस नक्की कोणाचा कोण, अशा शंकेने.

त्याच्याही तोंडी ती बनी इस्राईलची, म्हणजे इस्रायलच्या वंशजांची, गोष्ट होतीच. तालूत राजाचा, म्हणजे बायबलातल्या सौलचा, नातू अफगाणा; त्याच्या वंशातला कैस मदिनेला जाऊन मुसलमान झाला आणि अब्दुर रशीद झाला; त्याचे मुलगे सरबन, बेट्टन आणि घुरघुश्त. ही वंशावळ, म्हणजेच शजरा, सविस्तर मिळते ती जहांगीराच्या काळातल्या 'मखझन-ए-अफगानी'त. १६१३च्या सुमारास नियामतुल्लाने तो ग्रंथ खानजहान लोदीच्या आश्रयाने लिहिला. मुघल दरबारातल्या एका अफगाण सरदाराला आपले घराणे पैगंबरांच्या काळापर्यंत नेऊन भिडवायचे होते, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडच्या भाटांनी यापेक्षा वेगळे काय केले?

आणि याच ग्रंथाचा पंचनामा करणारा पहिल्या काहींपैकी एक कोण, तर आपला खडकीच्या लढाईतला एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट होण्यापूर्वी, १८०९ मध्ये, तो पेशावरला अफगाण राजा शाह शुजाच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून गेला होता. १८१५ साली त्याचा काबूलवरचा ग्रंथ निघाला. रोमन लोक स्वतःला ट्रॉयचे म्हणवत, त्याच पंगतीत त्याने ही ज्यू कथा नेऊन बसवली. त्यालाही आता दोनशे वर्षे उलटून गेली.

भाषेचे तर विचारूच नका. माझा ड्रायव्हर खुंट्या मोजायचा: यव, द्वा, दरे, त्सलोर... आठाला 'अते' आणि दहाला 'लस'. हा 'लस' मला बरेच दिवस छळत होता. मग लक्षात आले, आपला 'द' तिथे 'ल' होतो. दश तिथे लस होतो, दुहितेची लूर होते. आणि देवर, म्हणजे आपला दीर, तो लेवर! पश्तो ही पूर्व इराणी शाखेची भाषा आहे. हिब्रूशी तिचे नाते नाही, संस्कृतशी मात्र चुलत नाते आहे. ऋग्वेदातल्या दाशराज्ञ युद्धात पक्थ नावाचे लोक येतात, ते हेच पश्तून असे बरेच जण म्हणतात. मी त्यावर पैज लावणार नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'अवगाण' लिहिले आहे, ते जास्त भरवशाचे.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. लेखकाने शजरा रक्ताचा दाखला म्हणून वाचला. मुळात त्या शजऱ्यातच ठिकठिकाणी ठिगळे आहेत, आणि ती लपवलेलीही नाहीत. घिलझई टोळी घ्या. बेट्टनची मुलगी बीबी मतो आणि घोरचा शाह हुसेन यांची ती संतती. म्हणजे बापाकडून मोजणाऱ्या समाजातली एवढी मोठी टोळी आईकडून जोडलेली! खलज नावाच्या तुर्कांचा अंश त्यांच्यात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. अचकझई ही टोळी मूळची बारकझई टोळीपैकी. बारकझई फार माजू नयेत म्हणून अहमदशाह अब्दालीने त्यांना वेगळे काढले. आणि खुद्द अब्दाली टोळीच १७४७ नंतर दुर्राणी झाली, एका राजाच्या शब्दावर. झई म्हणजे अमक्याची मुले खरी, पण मूल कोणाला म्हणायचे हे जिरगा (टोळीची पंचायत), जमीन आणि वैर ठरवते. चुलतभावाला पश्तोत तर्बूर म्हणतात आणि त्याच शब्दाने प्रतिस्पर्धीही कळतो. भाऊबंदकी ज्यांच्या घरात आहे अशा मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

जाता जाता पानिपताविषयी. नजीबखान रोहिला होता म्हणून लेखात 'रोहिला टोळी' आली आहे. अशी टोळी नाही. रोह म्हणजे डोंगर. तिथून उतरून उत्तर भारतातल्या कटेहरात, म्हणजे रोहिलखंडात, वसले ते रोहिले. नजीब स्वतः युसुफझई.

आता शेवटची गोष्ट, म्हणजे लेखासोबतची चौकट. तिच्यात कैसचे तीन मुलगे छापून रेघ मारली आहे. कर्लाण कुठे गेला? दोघे भाऊ शिकारीला गेले, एकाला ओसाड तळावर लोखंडी कढई सापडली, दुसऱ्याला तान्हे मूल. त्यांनी अदलाबदल केली आणि त्या मुलाचे नाव कर्लाण पडले, अशी त्यांचीच कथा. आफ्रिदी, खटक, वझीर, मेहसूद, ओरकझई सगळे या सापडलेल्या पोराचे. ते पोर वगळून काढलेल्या आकृतीत खैबरचे आफ्रिदी कुठे बसवायचे, एवढे लेखकाने पुढच्या रविवारी कळवावे.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर