पंख काढून ठेवणाऱ्या ताईला

ताई,

तुझं खरं नाव मला माहीत नाही आणि आपल्या ऑनलाइन ड्रेस-अप गेममधलं नाव तुला न विचारता इथे टाकणं बरं वाटत नाही. पण वाचलंस तर तुला लगेच कळेल. मॅजिकल गर्ल, म्हणजे कार्टूनमधल्या जादूवाल्या मुलींची थीम, जोडीचा राउंड, टायमर संपत आलेला, आणि जांभळ्या स्कर्टमधली जी मुलगी चॅटवर काहीच बोलत नव्हती ती मी.

मी गप्प का होते ते तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते. त्याआधी मी एका ग्रुपबरोबर खेळायचे. टीम कॉस्प्लेच करायचो आम्ही, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच दुनियेतली कॅरेक्टर्स व्हायची आणि रॅम्पवर एकत्र चालायचं. मला हा प्रकार मनापासून आवडतो. एकटीने सुंदर गाउन घालून चालणं कुणालाही जमतं गं, पण चार जणी रॅम्पवर आल्या आणि बघणाऱ्याला एका नजरेत कळलं की या एकमेकींच्या आहेत, त्यात जी मजा आहे ती कशातच नाही. पण तिथे दर वेळी एकच ऐकायला मिळायचं, 'मॅच कर.' कशाशी मॅच करू, रंगाशी की कटशी की केसांशी, ते कुणी सांगायचं नाही. विचारलं की उत्तर यायचं, पेड आयटम घे मग आपोआप मॅच होईल. मी फ्री आयटमवर खेळते, मला त्यात पैसे घालायचे नाहीत आणि ते मी पहिल्यांदाच सांगितलं होतं. शेवटी एकीने सगळ्यांसमोर लिहिलं की हिच्यामुळे आपले स्टार, म्हणजे बघणाऱ्यांची मतं, जातात, आणि त्यानंतर मला बोलावणंच बंद झालं. सरळ सांगितलंही नाही, नुसतं बोलावणं बंद. लोक म्हणतात गेमच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पण दिवसभराचं सगळं उरकून जिथे आपण थोडा वेळ आपल्या आवडीचं काहीतरी करायला बसतो तिथूनच कुणी असं उठवलं तर लागतं, खूप लागतं.

तर अशा मूडमध्ये मी त्या राउंडला आले आणि गेमने माझी जोडी तुझ्याशी लावली. तुझी रँक बघूनच माझ्या पोटात गोळा आला. पाठीवर ते मोठे चमकणारे पंख, हातात काठी, पायघोळ गाउन, सगळं एकदम टॉप. आणि माझ्याकडे काय, सेलर ब्लाउज, प्लीट्सचा आखूड स्कर्ट, गुडघ्यापर्यंत बूट आणि छातीवर एक पिवळा बो. मला वाटलं आता ही म्हणणार, मॅच कर. आणि तू लिहिलंस,

'तू काही बदलू नकोस, मी बदलते.'

एवढंच. आणि दुसऱ्या सेकंदाला पंख गायब. ताई, ते पंख मिळवायला किती खेळावं लागतं ते या गेममधल्या प्रत्येकाला माहिती आहे, पंख असले की लोक बाकी लूक न बघताच स्टार देतात हेही सगळ्यांना माहिती आहे. आणि तू ते असे काढून ठेवलेस की जणू त्यांची काही किंमतच नव्हती. मग काठी गेली, मग गाउन गेला. तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस आणि माझ्याकडे बघून बघून एकेक गोष्ट घालत गेलीस, तसाच आखूड स्कर्ट, तेवढ्याच उंचीचे बूट, तसाच कॉलर. आणि मग तू मला विचारलंस, तुझ्या त्या बो-चा पिवळा कुठला, रंगाचा कोड दे ना. तू! मला! इतक्या दिवसांत मला कुणी माझ्या लूकमधलं काही विचारलं नव्हतं. मी कोड टाइप करत होते आणि हात थरथरत होते, खोटं नाही सांगत.

आपण पोडियमवर, म्हणजे जिंकणाऱ्यांत, आलो नाही. पंख ठेवले असतेस तर कदाचित आलो असतो, ते तुलाही माहीत होतं. पण निकाल लागल्या लागल्या तू लिहिलंस, 'दिसलो ना एकाच टीमच्या!' हो ताई, दिसलो. मी जांभळी, तू हिरवी, बाकी सगळं सारखं. तो स्क्रीनशॉट माझ्याकडे अजून आहे.

त्यानंतर तू लगेच निघून गेली असतीस तरी मी आयुष्यभर आभार मानले असते, पण तू थांबलीस आणि पुढचे राउंड माझ्याबरोबर खेळत खेळत जे जे सांगत गेलीस ते मला त्या ग्रुपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. टीममध्ये काय सारखं ठेवायचं आणि काय वेगळं हे आधी ठरवायचं, मग बाकीचं सोपं. कट, कॉलर, ग्लोव्ह्जची लांबी, बुटांची उंची सगळ्यांची एक, आणि रंग ज्याचा त्याचा. रंग निवडताना कलर व्हीलवर, म्हणजे रंगांच्या चक्रावर, नुसतं गोल फिरायचं, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा तेवढाच ठेवायचा, म्हणजे एकीचा भडक आणि दुसरीचा फिका असं होत नाही. आणि तरीही डोळे उघडे ठेवायचे, कारण आकडे तेच असले तरी पिवळा सगळ्यात उजळ दिसतो आणि निळा काळवंडतो, मग निळा जरा वर आणायचा, पिवळा जरा खाली. हे तपासायला स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा, ही तुझी ट्रिक तर मी आता प्रत्येक लूकला वापरते. राखाडीत सगळ्या जणी साधारण एका पट्टीत आल्या की समजायचं जमलं.

पांढऱ्याबद्दल तू सांगितलेलं तर मला पाठ झालंय. पूर्ण पांढरा घ्यायचा नाही, रॅम्पच्या लाइटखाली तो फटफटीत होतो आणि कॉलरच्या कडा, घड्या सगळं पुसलं जातं, त्यापेक्षा एक टिपका क्रीम किंवा राखाडीकडे झुकलेला घ्यायचा. एकच कोड साटनवर उजळ आणि लोकरीवर मळकट दिसतो, म्हणून कोड टाकून मोकळं व्हायचं नाही, शेजारी ठेवून बघायचं. धातू एकच, सोनेरी तर सगळीकडे सोनेरी, बकल चंदेरी आणि मुकुट सोनेरी असं नको. एक रंग भरपूर, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा नुसता शिंतोडा, साठ-तीस-दहा, घराच्या भिंती आणि पडदे ठरवणारी माणसंही हेच प्रमाण धरतात म्हणालीस. आणि तो शिंतोडा एकाच जागी सोडायचा नाही, बोवर पिवळा असेल तर केसातल्या पिनेवर आणि बुटाच्या कडेवरही तो यायला हवा.

आणि केस! मी केस नेहमी शेवटी करायचे. तू म्हणालीस आधी केस, कारण लांबून कॅरेक्टर ओळखू येतं ते केसांवरून आणि आकारावरून, चेहरा तेव्हा दिसतच नाही. रॅम्पवर लोक आपल्याला काही सेकंदच बघतात, त्यात त्यांना बटणं मोजायला वेळ नसतो. पडद्यापासून लांब जाऊन बघ, ठिपक्याएवढी दिसत असतानाही ओळखू येतेय का बघ, असं तू सांगितलंस आणि मी खरंच खुर्ची मागे ढकलून भिंतीला टेकून बघितलं. आणि हवा तो आयटम गेममध्ये नसेल तर अडून बसायचं नाही. कॉलर नव्हता तेव्हा तू आखूड केप घेतलास, त्यावर बो बसवलास, समोरून बघितलं तर सेलर कॉलरच. फ्री आयटममध्ये. ज्यांनी मला दुकान दाखवलं त्यांनी हे एकदा बघायला हवं होतं.

तुझ्यामुळे मी कॉस्प्लेबद्दल वाचायलाही लागले. 1939 साली न्यू यॉर्कला पहिलं जागतिक सायन्स फिक्शन संमेलन भरलं तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस असे दोघं भविष्यातले वाटतील असे कपडे घालून गेले होते. नाव जास्त झालं ॲकरमनचं, पण दोघांचेही कपडे डिझाइन केले आणि शिवले ते मर्टलने. स्वतःचा तर शिवलाच, शेजारच्याचाही शिवला. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला तूच आठवलीस. अशी माणसं सगळीकडे असतात बहुतेक, शेजारचा चांगला दिसावा म्हणून स्वतःचं काम वाढवून घेणारी, आणि त्यांचं नाव बऱ्याचदा मागे राहतं, म्हणून तर हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितेय.

ज्यांच्याकडे रँक आहे, पंख आहेत, त्यांनी नवीन माणसाशी कसं वागायचं हे कुठल्याही गेमच्या नियमात लिहिलेलं नसतं. तुला कुणी बघत नव्हतं, त्याचा तुला एक पॉइंटही मिळणार नव्हता, आणि मी तुझी कुणीही नव्हते. तरी तू ते केलंस. चांगुलपणा असा सहज असू शकतो, मोठं काही न बोलता, हे मला तुझ्याकडून बघायला मिळालं आणि मी ते फार जपून ठेवलंय.

आता आमची एक छोटी टीम झालीये. सगळ्या फ्री आयटमवाल्या, दोघी तर अगदी नवीन आहेत. त्यातली एक परवा घाबरत घाबरत म्हणाली की माझ्याकडे फक्त एकच विग आहे, तर आम्ही सगळ्यांनी त्या विगवरून थीम ठरवली. बाकीच्यांनी आपापलं बदललं, तिला काही बदलायला लावलं नाही. पुढचा सेट समुद्री चाच्यांचा करतोय, कोट सगळ्यांचे एकाच कटचे आणि कमरेचा पट्टा ज्याच्या त्याच्या रंगाचा. हिरवा मी कुणालाच दिलेला नाही, तो तुझा आहे. मी रात्री जेवण झाल्यावर असते. ऑनलाइन दिसलीस की मीच हाक मारेन, पण तूही मार.

खूप खूप आभार, ताई.

तुझी,
जांभळ्या स्कर्टवाली