हायफाँगच्या खुणा ही बोली नव्हे

महोदय,

कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेचा ‘व्हिएतनामची सांकेतिक भाषा’ असा एकवचनी उल्लेख सर्रास होतो. प्रत्यक्षात हनोई, हायफाँग आणि हो ची मिन्ह सिटी या तीन शहरांत तीन भाषा घडल्या. हायफाँग हनोईपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. तरीही भाषावैज्ञानिक जेम्स वुडवर्ड यांनी दोन्हीकडच्या मूलभूत खुणांच्या याद्या ताडून पाहिल्या, तेव्हा साम्य ८१ टक्क्यांच्या बरेच खाली भरले. बोली म्हणायला किमान तेवढे साम्य लागते. (अशा यादीतून अवयव आणि सर्वनामे मुद्दाम वगळतात. नाक म्हटले की कुठेही बोट नाकाकडेच जाणार, आणि साम्य उगाच फुगणार.) हनोई आणि हो ची मिन्ह सिटीच्या भाषांत शाळांमधून आलेल्या फ्रेंच खुणा भरपूर मिसळल्या. हायफाँगमध्ये ती भेसळ कमी, म्हणून जुन्या स्थानिक खुणांचा शोध तिथेच घ्यावा लागतो.

कर्णबधिर मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे ही भाषा घरात नव्हे, शाळेच्या आवारात एका तुकडीकडून दुसरीकडे जाते. शाळेने खुणा बदलल्या की एका पिढीत ती संपते. व्हिएतनामच्या शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय प्रमाणक लागू केले. दूरचित्रवाणी आणि परीक्षांसाठी त्याचा उपयोग आहे, हे मान्य. पण वर्गात स्थानिक खूण ‘चूक’ ठरू लागली, तर हायफाँगच्या खुणांची गळती आणखी वेगाने होईल.

नुसते शब्दकोश छापून भागणार नाही, कारण व्याकरण शब्दांच्या यादीत मावत नाही. बोलल्या जाणाऱ्या व्हिएतनामीत क्रियापद कर्माच्या आधी येते. तिथल्या खुणांत ते मराठीसारखे शेवटी जाते, आणि नकार व प्रश्नार्थक खूण त्याच्याही मागे.

म्हणून चित्रीकरण हवे, तेही नीट. लिखित शब्द दाखवून खूण विचारू नये. माणूस बोटांनी अक्षरे जुळवू लागतो किंवा बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या क्रमाने खुणा करतो. चित्रे दाखवावीत. समोर त्याच शहरातली कर्णबधिर व्यक्ती बसवावी. ऐकू येणारा दुभाषी खोलीत असला तरी भाषा बदलते. चौकट कमरेपासून डोक्याच्या वर वीतभर, पार्श्वभूमी एकरंगी, कपड्यांवर पट्टे नकोत. चित्रणाचा वेग सेकंदाला ५० फ्रेम ठेवावा, नाहीतर बोटे धूसर दिसतात. नंतर ‘एलान’ या मोफत संगणकप्रणालीत उजवा हात, डावा हात, भुवया, ओठ यांच्या वेगवेगळ्या ओळींवर नोंद करावी. भुवयांची ओळ आळसाने गाळली जाते, आणि मग प्रश्न कोणता व विधान कोणते हेच कळत नाही. मिनिटभराच्या चित्रफितीच्या नोंदीला काही तास लागतात. अनुदान मागताना खर्चाचा हा भाग हमखास विसरला जातो.

सुरुवात सर्वांत वयस्क माणसांपासून करावी, आणि प्रत्येक फितीवर शहर, वय व शाळेची वर्षे लिहावीत.

— सांकेतिक भाषांचे काही अभ्यासक