दुसऱ्याच्या शेतातली वाट

शेफील्ड,
रविवार, 13 जुलै 2025

ती. आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पहिल्या ओळीत लिहिलं म्हणजे पुढचं आई नीट ऐकेल. फोन रोज होतोच, तरी पत्र लिहायला बसले, कारण फोनवर आप्पा "बरं हाय न्हवं? आईकडं देतो" एवढंच बोलतात. या खेपेचं मला आप्पांनाच सांगायचंय. आप्पा, चष्मा लावून स्वतः वाचा. बाळूकडं वाचायला दिलंत तर तो स्वतःबद्दलचं सगळं गाळेल.

ड्युटी, जेवण, थंडी हे काही लिहीत नाही, तुम्हाला पाठ झालंय.

आधी त्या फोटोचं. माझं स्टेटस बघून वडगावच्या मावशीनं आईला फोन केला म्हणे, "पोरगी रानात एकटी काय करूलालीय?" मी एकटी असते तर लांबून फोटो काढला कुणी? वॉर्डातली माझी मैत्रीण बरोबर होती. गेल्या वर्षी रिटायर झाली, वय अडुसष्ट. इथल्या रीतीप्रमाणं मी तिला नावानंच हाक मारते, पण मनात मावशीच म्हणते. आणि आई, ते रान नव्हेच. आपल्या जांबोटीकडं पाच वाजल्यानंतर बाहेर पडायचं तर अस्वलाची नाहीतर गव्याची धास्ती. इथं नुसती मेंढरं. गाईही होत्या, पण त्यांचं काही विशेष नाही.

आता आप्पा, हे नीट वाचा. इथली माणसं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतातनं चालत जातात. कामाला नव्हे, देवाला नव्हे, नुसती चालायला. मला पहिलं वर्षभर हे कळतच नव्हतं. घरून निघतात, गाडी किंवा रेल्वेनं तासभर जातात, चिखलात दहा-बारा किलोमीटर चालतात आणि निघाले तिथंच परत येतात. मी विचारलं, "पोचायचं कुठं?" मैत्रीण म्हणाली, "चहाला."

रस्त्याच्या कडेला लाकडी पाटी असते, तिच्यावर 'पब्लिक फूटपाथ' लिहिलेलं. तिथनं सरळ मालकाच्या कुरणात शिरायचं. मालक समोर ट्रॅक्टरवर असला तर हात हलवायचा, तोही हलवतो. खांबावर पिवळा बाण असला की वाट पायी जाणाऱ्याची, निळा असला की घोडेवाल्याला आणि सायकलवाल्यालाही मुभा. शेतांना कुंपण म्हणून गडगे आहेत, आपल्याकडच्यासारखेच, चुना-सिमेंट नसलेले. ते ओलांडायला गडग्यातच दगडी पायऱ्या बसवलेल्या. विचार करा, लोकांनी आपल्या शेतात नीट यावं म्हणून गडग्याला पायऱ्या! गडग्यातली दिंडी उघडी असली तर उघडी ठेवायची, बंद असली तर आपल्यामागं बंद करायची. एवढा एकच नियम मैत्रिणीनं तीनदा सांगितला.

वाट शेताच्या मधून जात असली आणि मालकाला नांगरायची असली तरी तो नांगरतो, पण चौदा दिवसांच्या आत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. असा कायदा आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटर भरतात, आणि चालणाऱ्यांसाठीच्या सरकारी नकाशात त्या हिरव्या तुटक रेघांनी काढलेल्या. तुमच्या शेताच्या पहाणीच्या उताऱ्यात कन्नडमध्ये काय लिहिलंय हे वकील सांगेल तेव्हा कळतं. इथं पोरंसुद्धा नकाशा उलगडून वाट कुठली ते सांगतात.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. "तिकडं चालतंय, इकडं एकदा वाट दिली की बांध गेला, बांध गेला की शेत गेलं." मी तुमची बाजू सोडलेली नाही. खालच्या आळीच्या लोकांना आपल्या शेतातनं गाडीवाट द्यावी असंही म्हणत नाही. त्या वाटेची केस नऊ वर्षं चालली आहे ती मला ठाऊक आहे. फक्त एवढंच सांगते की इथंही हे आपोआप झालेलं नाही. आम्ही चाललो तो डोंगर किंडर स्काउट, पूर्वी जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव. 24 एप्रिल 1932 ला काही शे कामगार पोरं जबरदस्तीनं वर घुसली, राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंग झाला. नंतर 1949 मध्ये कायदा आला आणि 1951 मध्ये हाच भाग देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. म्हणजे त्या झटापटीपासून कायद्यापर्यंतच सतरा वर्षं. तुमची नऊच झालीत.

(डोंगराची उंची 636 मीटर. आपलं बेळगाव शहरच त्याहून वर वसलंय. हे मी मैत्रिणीला सांगितल्यावर ती जरा गप्प झाली.)

बारा वाजता गडग्याच्या आडोशाला बसून डबा काढला. चपाती आणि शेंगाचटणी. आई, चटणी संपत आलीय, पण पाठवू नकोस, टपालाला चटणीपेक्षा जास्त पैसे पडतात. मैत्रिणीनं फोन काढून यूट्यूबवर तिच्या नवऱ्याचा व्हिडिओ लावला. तो जाऊन सहा वर्षं झाली. 2007 साली त्यानं हीच वाट चालताना छोट्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं होतं. चित्र धुरकट, वाऱ्याचा घुंऽऽ आवाज, आणि मधेच त्याचा अंगठा. तेव्हा यूट्यूबवर साध्या माणसाला दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवता येत नसे, म्हणून त्यानं चालण्याचे सात तुकडे केलेत. तिसरा तुकडा संपतो तेव्हा तो म्हणत असतो, "आता इथनं डावीकडं वळलं की…" आणि बंद. चौथा सुरू होतो तेव्हा दोघं ओढ्याच्या पलीकडं. डावीकडं वळल्यावर काय होतं ते कुठंच नाही.

आम्ही डावीकडं वळलो. एक पडका गोठा आहे आणि पाण्याची दगडी डोण. बाकी काही नाही. मैत्रीण तिथं जरा उभी राहिली, मग म्हणाली, "चल, ट्रेन चुकेल."

आता बाळूचं. आप्पा, त्याला घालून पाडून बोलू नका, तो रिकामा बसत नाही. पण बाळू, तूही ऐक. तू ज्या व्हिडिओच्या धंद्यात पडलायस तो दर दोन वर्षांनी कूस बदलतो. खानापुरात सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मी पहिला व्हिडिओ बघितला, तेव्हा अर्धा वेळ गोल फिरणारं चक्र बघण्यात गेला होता. मग 2016 ला जिओ आलं आणि म्हशी राखणाराही लाइव्ह झाला. तुझं टिकटॉक बरं चाललं होतं. 29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲपवर बंदी घातली त्यात तेही गेलं. आजी तांदूळ पाखडताना गाणं म्हणते ती क्लिप तू फोनमध्ये ठेवली नव्हतीस, म्हणून गेली. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आज बोलले. आजीच्या दिवसांना मी नव्हते, तेव्हा मला बोलायचा हक्क किती हेही मला कळतं.

आणि ते 'दीड लाख लोकांनी बघितलं' म्हणून आप्पांना सांगत सुटू नकोस. 31 मार्चपासून यूट्यूबवरचा शॉर्ट, म्हणजे छोटा व्हिडिओ, नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरतात, कुणी एका सेकंदात अंगठ्यानं ढकलला तरीसुद्धा. पैसे त्यावर मिळत नाहीत. एक हजार सबस्क्रायबर, आणि वर्षात चार हजार तास बघणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्टचे एक कोटी व्ह्यू, एवढं झाल्याशिवाय जाहिरातीचा पैसा दिसत नाही. तुझे सबस्क्रायबर सहाशे चाळीस आहेत, मी रोज मोजते. ड्रोन आत्ता नको. वाटल्यास पावसात चालेल असा बरा फोन घेऊ, तो मी देईन, पण आयटीआयचं शेवटचं वर्ष पुरं करायचं या बोलीवर.

एक काम मात्र कर. घरून शेतापर्यंत चालत जाऊन एकच व्हिडिओ काढ. गाणं लावू नकोस, कापू नकोस, फोन आडवा धर. तुझ्या व्हिडिओत आई दोन सेकंद दिसते आणि लगेच कुठलंतरी ढोल-ताशाचं संगीत सुरू होतं. वीस मिनिटं लागली तर लागू देत. रोपलावणी चाललीय तोवर काढ. मैत्रिणीला गुडघाभर चिखलातलं भात दाखवायचंय, तिला वाटतं तांदूळ पाकिटातच होतो. (तिला दाखवायचंय हे खरं आहे. मलाही बघायचंय.)

गाईंचं राहिलं. विशेष काही नाही, वासरं होती म्हणून दहा-बारा जणी मागं धावल्या, आम्ही गडगा चढलो. गुडघा थोडा खरचटला. गाईंना हाकायचं कसं हे मला ठाऊक होतं, पण त्या इंग्रजी गाई, "हॅक्" म्हटलं तर थांबेनात.

गणपतीला येणं होत नाही. रजा मागितली होती, पोराबाळांच्या शाळेच्या सुट्ट्या म्हणून दुसऱ्यांना मिळाली, मला पोरंबाळं नाहीत हे तिथंही मोजलं जातं. डिसेंबरात तीन आठवडे नक्की. तिकीट काढलं की कळवीन, आत्ता काढलेलं नाही.

निपाणीच्या स्थळाचं आई रोज विचारतेय, म्हणून इथं लिहिते. मुलगा फोनवर बरा बोलला. त्यानं विचारलं, "परत कधी येणार?" त्याच्या आईनं मागून विचारलं, "तिकडं याला नोकरी लागेल का?" दोघांचं आपसात ठरलेलं दिसत नाही. तुम्ही हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका, डिसेंबरात समोरासमोर बघू. बत्तीस पुरी होतायत हे मला कुणी सांगायला नको.

सत्तर हजार शुक्रवारी खात्यावर टाकलेत. मागल्या सोप्याची कौलं आणि वासे यांसाठी आहेत. रात्री पातेली ठेवून झोपता असं बाळूनं सांगितलं, तुम्ही सांगितलं नाहीत. गवंडी पावसात चढत नसेल तर तोवर ताडपत्री घाला, पण पैसे कौलांनाच.

सर्वांना नमस्कार, आणि छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. आप्पा, कौलांचे पैसे वकिलाला देऊ नका. तारीख 22 ला आहे हे मला माहीत आहे.